दुखणं तुमचं, अपॉइंटमेंट माझी

घणसोली,
सोमवार

आदरणीय अंकुशदादांस,
धाकट्या शिवरामचा सविनय जय भीम.

पत्राच्या सुरुवातीला इकडे सर्व खुशाल, तिकडेही खुशाल असावे, असं लिहायची पद्धत तुम्हीच मला शिकवलीत. आज त्यातला अर्धाच भाग लिहितो. इकडे खुशाल आहे. क्रांतीची आई गुडघ्याला तेल लावते आणि मला बोलणी देते, दोन्ही वेळच्या वेळी. क्रांतीला ऑफिसात बढती मिळाली, त्यामुळे ती आता घरी येऊनही मीटिंग घेते. तिकडे खुशाल नाही हे मला माहीत आहे, म्हणून 'असावे' वगैरे लिहीत नाही. मुक्तावहिनी जाऊन नऊ महिने झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवसापर्यंत तुम्ही माणसांत होतात, आलेल्यांना चहा विचारत होतात. त्यानंतर गावमंडळाच्या मीटिंगला तुम्ही नाही, विहारात नाही, जुईनगर स्टेशनसमोरच्या कट्ट्यावर नाही. तुमचा फोन वाजून वाजून आपणच दमतो. अभय दर शनिवारी पुण्याहून येतो आणि सांगतो की काका, पप्पा चतकोर भाकरी खातात आणि भिंतीकडे बघत बसतात. मी स्वतः तीनदा येऊन गेलो. बेल वाजवली की आतून चपला दारापर्यंत यायच्या, थांबायच्या आणि परत जायच्या. दादा, पस्तीस वर्षं विजेच्या मोटारींच्या पोटातला आवाज ऐकून मी स्वतःचं पोट भरतोय. तुमच्या चपला मला ऐकू येणार नाहीत असं तुम्हाला वाटलंच कसं?

म्हणून हे पत्र. मंडळाचे चिटणीस या नात्याने बावीस वर्षं तुम्ही आलेलं प्रत्येक पत्र उघडलंत, वाचलंत आणि वर तारीख टाकलीत, मग ते पत्र पाण्याच्या टाकीच्या वर्गणीचं असो की कुणी कुणाला समाजमंदिरात काय बोललं याच्या तक्रारीचं. ती सवय सुटली नसेल अशा आशेवर लिहितोय.

तर झालं असं. मागच्या महिन्यात क्रांती मला म्हणाली, "पप्पा, अंकुशकाकांना काउन्सेलरकडे न्या." मी म्हटलं, "दादा काय वेडा झालाय?" ती म्हणाली, "रबाळ्याला तुमच्या वर्कशॉपात मोटार जळाल्यावरच आणतात का? आवाज बदलला तरी आणतात ना?" (मुलींना शिकवलं की हे ऐकून घ्यावं लागतं. शिकवताना कुणी सांगत नाही.) पटलं मला. पण माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. नवा सप्लायर आला की आख्खा लॉट उचलायचा नाही. आधी एक सॅम्पल मागवायचं, आपल्याच मशीनवर लावायचं, आठवडाभर पळवायचं आणि मगच ऑर्डर द्यायची. क्रांतीच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्या डॉक्टरचा हात कसा आहे हे बघायला मी आधी स्वतः जाऊन चष्म्याचा नंबर काढून आलो होतो. (त्या चष्म्यातून मला अजून दोन पायऱ्या दिसतात, पण डॉक्टर चांगला निघाला.) आता तुमच्यासारख्या माणसाला कुणा परक्यासमोर बसवायचं तर तो परका आधी तपासायला नको? मी ठरवलं की तुमचं दुखणं माझ्या नावावर लावून आपणच जाऊन बसायचं. चतकोर भाकरी माझी, भिंत माझी, न उचललेला फोनही माझा. बघू काय म्हणतात. क्रांतीला एवढंच सांगितलं की मला जरा टेन्शन आहे. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मोबाइलवर अपॉइंटमेंट घेऊन टाकली.

जागा नेरूळला आहे, एका लाँड्रीच्या वर दुसऱ्या मजल्यावर. माझ्या डोक्यात चित्र असं होतं की एक लांब कोच असेल, त्यावर आपल्याला आडवं करतील, आणि दाढीवाला माणूस डोक्यामागे बसून लहानपणी कुणी मारलं का विचारील. प्रत्यक्षात बाहेर चार खुर्च्या, पाण्याचा पिंप आणि दिलीपराव नावाचे एक गृहस्थ, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी मला फॉर्म दिला. नाव, वय, झोप कशी, जेवण कसं, बीपी-शुगर, चालू गोळ्या, घरात कोण कोण, आधी कुणाला असं काही दाखवलं होतं का, आणि शेवटी तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं. नाव तेवढं माझं, बाकी सगळीकडे मी तुमची माहिती भरली. त्या शेवटच्या रकान्यात मात्र हाताने आपोआप तुमचं नाव आणि तुमचाच नंबर लिहिला. पस्तीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर तोच टाकतोय. (आधी तुमच्या खालच्या किराणावाल्याचा असायचा, पुढे पी.पी. लिहून.) म्हणजे तुमच्या दुखण्याची तातडी झाली तर तुम्हालाच फोन जाणार होता आणि तो तुम्ही उचलणार नव्हतात. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मग खुर्चीत बसलो तर कानाला काहीतरी खुपायला लागलं. आतल्या खोलीच्या दाराशी जमिनीवर ताटलीएवढं एक पांढरं यंत्र होतं आणि ते एकसारखं घुर्रर्र करत होतं. पंखा म्हणावा तर वारा नाही. मी पाच मिनिटं सोसलं. दहा मिनिटं सोसलं. शेवटी न राहवून खाली बसलो, कान लावला, आणि माझं निदान पक्कं झालं की आतला बुश झिजून खलास झालाय आणि आणखी आठवडाभरात हे जळणार. दिलीपराव झेरॉक्सला गेले होते. म्हटलं, गरिबाची मशीन वाचवू. प्लग काढला, खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला (तो विहारात जातानाही खिशात असतो, तुम्हाला माहीत आहे) आणि खालचे दोन स्क्रू सोडवले. यंत्र गप्प झालं आणि त्याच क्षणी दारामागून एका माणसाचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. माझ्याच वयाचा असेल. एकच वाक्य ऐकलं. ते मी तुम्हाला लिहिणार नाही, क्रांतीच्या आईलाही सांगितलेलं नाही, आणि माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे तुम्ही जाणता. तेवढ्यात दिलीपराव धावत आले. "काका, काका, लावा ते. बिघडलेलं नाही. आवाज करायलाच ठेवलंय." मी विचारलं, "कशाला?" ते म्हणाले, "आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून."

मी मुकाट्याने स्क्रू लावले. जन्मभर लोक माझ्याकडे आवाज बंद करायला मशीन आणतात. आवाज यावा म्हणून विकत घेतलेली मशीन मी पहिल्यांदा पाहिली. पण त्या घुर्रर्रमुळे माझं निम्मं सॅम्पल पास झालं, खोटं कशाला सांगू. आपल्या चाळीत, सोसायटीत, मंडळात, भावकीत अशी एक जागा दाखवा की जिथे आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून कुणी खर्च केलाय. आतलं बाहेर ऐकू यावं यासाठी भिंतीला कान लावणारे मात्र पुष्कळ, आणि त्यात पहिला नंबर माझा.

मॅडमचं नाव राजलक्ष्मी. क्रांतीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. खोलीत तीन खुर्च्या, एक घड्याळ, कागदी रुमालांचा डबा. (तो डबा माझ्याच बाजूला ठेवलेला बघून मला राग आला. आम्ही काय रडायला आलोय?) कुठल्या खुर्चीत बसायचं तेही त्यांनी सांगितलं नाही, म्हणाल्या, हवी ती घ्या. मला काय म्हणून हाक मारायची ते विचारलं. मग सांगितलं की इथे बोललेलं इथेच राहील. फक्त कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर जवळच्या माणसाला कळवावं लागेल, आणि तेही तुम्हाला सांगूनच. पन्नास मिनिटं आहेत. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर आज नको म्हणा, चालेल. दोन-तीन भेटींनंतर माझ्याशी जमत नाही असं वाटलं तर स्पष्ट सांगा, मी दुसऱ्या चांगल्या माणसाचं नाव देईन. दादा, इतक्या वर्षांच्या धंद्यात मला असा एक सप्लायर भेटला नाही की ज्याने आपण होऊन शेजारच्याचा पत्ता दिला.

मग त्यांनी विचारलं, इथे यावंसं कशामुळे वाटलं? मी सुरू झालो. चतकोर भाकरी सांगितली. भिंत सांगितली. नऊ महिने सांगितले. माणसं नकोशी झाली, दाराशी कुणी आलं तरी उघडवत नाही, फोन तर उचलतच नाही. बेमालूम जमलं होतं, मधेमधे उसासेही टाकले. एवढ्यात माझा फोन वाजला. दादा, मी तो उचलला. पहिल्याच रिंगला उचलला. हात कुठे माझं ऐकतो? "हां बोल. अरे सहा हजार दोनशे पाच म्हटलं ना मी, तीन नाही, पाच. बेअरिंगवर नंबर असतो, तो वाच की, डोळे कशाला दिलेत?" एवढं बोलून ठेवला, आणि चेहरा पुन्हा लांब करून म्हणालो, "तर मॅडम, फोन तर उचलतच नाही."

त्या हसल्या नाहीत. वहीत काही लिहिलंही नाही. नुसत्या गप्प राहिल्या. गप्प बसलेल्या माणसाची मला भीती वाटते, कारण गिऱ्हाईक गप्प झालं की समजावं, आता भाव पाडणार. पण ह्यांचं गप्प बसणं तसं नव्हतं. त्यांना घाई नव्हती, एवढंच. मग त्यांनी झोपेचं विचारलं, औषधांचं विचारलं, दारूचं विचारलं, मी तुमच्या वतीने धडाधड उत्तरं दिली. आणि मग, चहा घेणार का विचारावं इतक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "कधी असं वाटतं का, की आता जगणं नको? स्वतःला काही करून घ्यावं?"

इथे मी अडकलो. तुमचं जेवण मला माहीत होतं, झोप माहीत होती, कुठली गोळी सकाळी आणि कुठली जेवणानंतर तेही अभयने सांगितलं होतं. याचं उत्तर मला माहीत नव्हतं. नऊ महिन्यांत मी तुम्हाला विचारलंच नाही. दाराबाहेरून तुमच्या चपला मोजल्या, पण हे विचारलं नाही, कारण विचारलं तर तुमच्या डोक्यात यायचं असं मला वाटायचं. मी मॅडमना म्हणालो, "मला ठाऊक नाही." त्या म्हणाल्या, "तुम्हाला स्वतःबद्दल ठाऊक नाही?" मग काय, सगळं सांगून टाकलं. सॅम्पल, लॉट, मोतीबिंदू, सगळं. मला वाटलं, आता उठवतील. त्या म्हणाल्या, फोन वाजला तेव्हाच मला शंका आली होती, पण प्रश्न तरीही विचारणं भाग होतं, आणि तो विचारल्याने कुणाच्या डोक्यात काही येत नाही. उलट आधीच आलेलं असलं तर बोलायला वाट मिळते. पुढे म्हणाल्या की तुमच्या दादांना मी तुमच्यामार्फत तपासू शकत नाही. त्यांना यायचं असेल तर ते येतील. तोवर तुम्ही त्यांना हे विचारू शकता.

म्हणून विचारतो. दादा, तुम्हाला तसं वाटतं का? उत्तर 'हो' असेल तरी सांगा. मी गडबडणार नाही, गावभर करणार नाही, उपदेश तर अजिबात करणार नाही. तुमच्याजवळ येऊन बसेन, आणि अभयला बोलवायचं की कुणा डॉक्टरकडे जायचं ते दोघे मिळून ठरवू. 'नाही' असेल तर तेही सांगा, कारण गेल्या बुधवारपासून हा प्रश्न मी छातीवर घेऊन फिरतोय.

मी उठायला लागलो तर मॅडम म्हणाल्या, "अजून सत्तावीस मिनिटं आहेत. आणि ती तुमच्या नावावर आहेत." मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मग दादांच्या घरी तुमचं काय होतं तेवढं सांगा. आता हा काय प्रश्न झाला? तुर्भ्याची दहा बाय दहाची खोली सांगितली. तुम्ही, वहिनी, पाळण्यात अभय, आणि गावाकडून कामासाठी आलेली आम्ही चौघं पोरं. तुम्ही तळोज्याला कंपनीत जायचात आणि मी रिवाइंडिंगच्या दुकानात बिनपगारी, शिकायला. सकाळी वहिनी दारात डबा हातात द्यायच्या आणि रोज एकच वाक्य म्हणायच्या, "भावजी, डबा परत आणा, नाहीतर उद्या कागदात देईन." तीन वर्षं रोज. डबा मी कधी हरवला नाही आणि वाक्य त्यांनी कधी चुकवलं नाही. हे मी मोठ्या रंगात सांगत होतो, आणि वहिनी कशा म्हणायच्या ते म्हणून दाखवायला तोंड उघडलं, तर येईना.

शब्द आहेत, दादा. आवाज नाही. डोळे बांधून चाळीस मोटारींत कुठली चालू आहे ते सांगणारा माणूस मी. एकोणीसशे चौऱ्याण्णव साली रबाळ्याला दुरुस्त केलेल्या कॉम्प्रेसरचा आवाज मला आत्ता या घटकेला आठवतो. वहिनींचा आठवत नाही. कधी गेला तेही कळलं नाही. म्हणजे तीन-तीनदा मी तुमच्या दारात उभा राहून तुमच्या चपला ऐकत होतो ते सगळं तुमच्या काळजीने, असं मी समजत होतो. त्यात माझंही काही होतं. तुमच्या दारामागे तो आवाज अजून असेल असं मला वाटत असावं. तुम्ही भिंतीकडे बघत बसता तेव्हा कदाचित तोच ऐकत असाल, आणि दार उघडलं तर तो निघून जाईल म्हणून उघडत नसाल. मला काय कळतं? पण तसं असेल तर मला राग नाही.

त्या कागदी रुमालांच्या डब्याबद्दल वर जे लिहिलंय ते मागे घेतो. जास्त विचारू नका.

मी सल्ले लिहून घ्यायला वही नेली होती. वही कोरीच परत आली. म्हटलं, मॅडम, उपाय काय? त्या म्हणाल्या, पहिल्या दिवशी उपाय नसतो, पहिल्या दिवशी मी ऐकते. पुढच्या वेळी आपण दोघे बसून ठरवू की या भेटींतून तुम्हाला काय हवंय. आज थोडं जड वाटेल, दमल्यासारखं होईल, तसं झालं तर घाबरू नका. मला पटलं. मशीन ऐकायच्या आधी पान्हा काढणारा मेकॅनिक मी दारातूनच परत पाठवतो. घरी आलो आणि भर दुपारी दोन तास मेल्यासारखा झोपलो. क्रांतीची आई दोनदा येऊन श्वास बघून गेली. (हे तिने कबूल केलेलं नाही. मी ऐकलं.)

तर सॅम्पल पास आहे. कोच नाही, दाढी नाही, वेडाचा शिक्का नाही. माणूस बसतो, बोलतो, नको असेल तिथे नको म्हणतो, आणि पन्नास मिनिटांनी जिना उतरतो. तुम्ही जा असा माझा आग्रह नाही. एवढं कळवावं म्हणून लिहिलं. अभयला आशीर्वाद सांगा आणि चतकोराची अर्धी करा.

तुमचा धाकटा,
शिवराम

ता. क. : आग्रह नाही हे खरं, पण एक काम आहे. येत्या गुरुवारी चार वाजता मला पुन्हा बोलावलंय, या वेळी नावासोबत दुखणंही माझंच घेऊन. आणि दादा, मला एकट्याने जायची भीती वाटते. क्रांतीला नेलं तर मी बापासारखा वागेन, तिच्या आईला नेलं तर सगळं तीच बोलेल. तुम्ही बाहेर खुर्चीत बसाल का? आत यायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. दिलीपराव बँकेतल्या गोष्टी सांगतात, त्यावर नुसतं हं म्हटलं तरी चालतं.

ता. क. २ : तुम्ही म्हणाल, शिवरामने मला घराबाहेर काढायला ही युक्ती केली. पहिलं पान लिहिताना युक्तीच होती. वहिनींच्या डब्याच्या गोष्टीपर्यंत आलो तोवर राहिली नव्हती. आता दोन्ही वेगळं करता येत नाही, तेव्हा पत्र तसंच पाठवतो.

ता. क. ३ : हे पत्र सोमवारी लिहिलं आणि तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. पोस्टात टाकलेलं नाही. दाराखालून सरकवतोय, म्हणजे गुरुवार आज आहे आणि मी तुमच्या जिन्यावर बसलोय. बेल वाजवणार नाही. सव्वातीनपर्यंत बसेन. तुम्ही नाही आलात तर मी एकटा जाईन, पण जाईन, आणि परत येताना पुन्हा इथेच बसेन, कारण मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला आजच हवंय, दाराच्या आतून दिलंत तरी चालेल. आलात तर इस्त्रीचा शर्ट शोधत बसू नका. तिथे सगळे अंगावर असेल त्यातच येतात.